आधी पाण्याचा दिवस विचारा

(वाचकांचे प्रश्न : घर आणि घरखर्च)

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा केज तालुक्यातला. गेली सात वर्षे वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतो. पत्नी सिडको बसस्थानकाजवळच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. मुलगी तीन वर्षांची असून येत्या जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचे आहे. आम्हा दोघांचे मिळून महिन्याला ५०,००० रुपये हातात येतात, त्यातून ६,००० गावी आईवडिलांना पाठवतो. सध्या बजाजनगरात ७,००० रुपये भाड्याने राहतो आणि शिल्लक ६ लाख आहे. आम्ही तीन ठिकाणे पाहिली. देवळाई परिसरात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट ३२ लाखांना आहे, तिसगावच्या बाजूला रो-हाऊस २६ लाखांना आहे, आणि जटवाडा रस्त्याकडे वीस बाय तीसचा प्लॉट ९ लाखांत मिळतो आहे, जो मालक बाँडवर करून द्यायला तयार आहे. प्लॉट घेतला तर हळूहळू बांधता येईल असे माझे मत आहे, पत्नीला फ्लॅट पसंत आहे. माझी दुसरी पाळी आणि पत्नीची ड्यूटी एका वेळी आली की मुलगी मुकुंदवाडीला तिच्या मावशीकडे असते. घरात रोज या विषयावरून वाद होतो. आम्ही कोणता भाग निवडावा?
— एक वाचक, बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा माझे लक्ष तुम्ही शेवटी लिहिलेल्या एका वाक्यावर थांबले. मुलगी मुकुंदवाडीला मावशीकडे असते, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. तुम्ही पाहिलेली तिन्ही ठिकाणे भावाच्या हिशेबाने निवडलेली दिसतात. मात्र पत्नीचे रुग्णालय, मुलीची मावशी आणि जूनमध्ये सुरू होणारी शाळा या तिन्हींपासून ती तिन्ही ठिकाणे दूर आहेत. तिसगाव तुमच्या कारखान्याला जवळ आहे, देवळाई बीड बायपासच्या पलीकडे आहे, आणि जटवाडा रस्ता शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला आहे. रात्री नऊ वाजता ड्यूटी संपवून पत्नीने आधी मुकुंदवाडीला जायचे, झोपलेल्या मुलीला खांद्यावर घ्यायचे आणि तिथून नगर नाका ओलांडून तिसगाव गाठायचे, हे आठवड्यातून तीन दिवस आणि पुढची दहा वर्षे जमेल का, हा प्रश्न आधी एकमेकांना विचारा. तुम्हाला कारखान्यात नेण्या-आणण्यासाठी कंपनीची बस असेल, कारण वाळूजच्या अनेक कारखान्यांच्या बसगाड्या शहराच्या सर्व भागांतून फिरतात. पत्नीसाठी तशी बस नाही. म्हणून घर तिच्या कामाच्या आणि मुलीच्या मावशीच्या जवळ असावे आणि लांबचा प्रवास तुम्ही करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या तिन्ही पर्यायांविषयी सविस्तर लिहिते, कारण त्यांतला एक नाकारायचा असला तरी तो का नाकारायचा हे दोघांनाही पटले पाहिजे.

सर्वांत स्वस्त दिसणारा प्लॉट आधी घेऊ. वीस बाय तीस म्हणजे ६०० चौरस फूट. आपल्या शहरात शेतजमिनीचे असे तुकडे पाडून ते शंभर रुपयांच्या बाँडवर विकण्याचा प्रकार कित्येक वर्षे चालत आला आहे, आणि हजारो कष्टकरी कुटुंबांनी असेच घर उभे केले आहे. त्यांना मी दोष देत नाही. त्या काळी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मात्र कायद्याची बाजू ठाऊक असायला हवी. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरी केलेल्या बाँडने किंवा मुखत्यारपत्राने मालकी तुमच्याकडे येत नाही, आणि मुखत्यारपत्राच्या व्यवहारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्टपणे सांगितले आहे. अशी तुकड्यांची वस्ती, म्हणजे गुंठेवारी, नियमित करण्यासाठी राज्यात २००१ चा कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ देण्यात आला. याचा अर्थ असा, की तुम्ही आज मोकळा प्लॉट घेऊन उद्या जे बांधाल, ते या तारखेत बसत नाही. 'पुढे कधीतरी गुंठेवारी होऊन जाईल' असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते वाक्य त्यांच्याकडून लेखी मागून पाहा.

या प्लॉटवर बँक कर्ज देणार नाही, हाही मोठा मुद्दा आहे. तुमची ६ लाखांची शिल्लक संपवून उरलेले ३ लाख कुठून तरी जास्त व्याजाने उभे करावे लागतील, त्यानंतर बांधकामासाठी भिशी, उसनवारी आणि पत्नीचे दागिने यांच्यावर वेळ येईल. बांधकाम पूर्ण होईपर्यंत बजाजनगरचे भाडेही चालूच राहील. मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात अनेक वर्षे काम केले आहे. बाँडचा कागद घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणणारे आणि तो पाहून आम्ही मान हलवली की एकदम गप्प होणारे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. तुमचा चेहरा त्यांत असू नये, म्हणून इतके स्पष्ट लिहीत आहे.

देवळाईच्या फ्लॅटचा हिशेब कागदावर मांडू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे ३२ लाखांवर २८ लाख ८० हजार. उरलेले ३ लाख २० हजार तुमचे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांच्या घरात जाते. खरेदी केवळ पत्नीच्या नावे केली तर महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळून ते पाच टक्क्यांवर, म्हणजे १ लाख ६० हजारांवर येते. दोघांच्या नावे केली तर ही सवलत मिळत नाही. नोंदणी शुल्काचे ३०,००० आणि बांधकाम चालू असल्यामुळे एक टक्का जीएसटीचे ३२,००० धरा. हे सगळे मिळून ५ लाख ४२ हजार होतात, आणि मुद्रांक व नोंदणीच्या रकमेसाठी बँक सहसा कर्ज देत नाही. तुमच्या सहा लाखांतले ५८,००० उरतात. त्यात पंखे, गॅसचा ओटा, खिडक्यांच्या जाळ्या आणि सामान हलवणे हे सारे बसवायचे. पुढे साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एका लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे तुमचा हप्ता २५,००० रुपये होईल. पन्नासातले पंचवीस हप्त्यात, सहा गावी, आणि शिवाय इमारत पूर्ण होईपर्यंत सात हजार भाडे. उरलेल्या बारा हजारांत किराणा, शाळा, पेट्रोल आणि औषध. त्यात पत्नीला सहा महिने नोकरी सोडावी लागली, किंवा कारखान्यात काम कमी झाले, तर हे गणित पहिल्याच महिन्यात मोडेल.

आणि अजून मी पाण्याचा खर्च धरलेला नाही.

आपल्या शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून येते. ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांवर शहराने कित्येक वर्षे काढली आणि त्यामुळे काही दिवसांआड पाणी हे आपल्या अंगवळणी पडले. २,५०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीची नवी योजना हाती घेतली गेली, ती याच कारणाने. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने हे शहर वसवले, तेव्हा डोंगरातले पाणी नहरीने खेळवून वस्तीत आणण्याची व्यवस्था केली होती. वस्ती करायची तर पाण्याचा विचार आधी करावा, हे या शहराला मुळात माहीत होते. सातारा-देवळाईचा मोठा भाग महापालिकेत उशिरा आला, त्यामुळे तेथील अनेक इमारती बोअर आणि टँकरवर उभ्या राहिल्या. योजनेचे पाणी नेमक्या तुमच्या गल्लीत आले आहे का, याची खात्री तुम्हालाच करावी लागेल, कारण एकाच कॉलनीत अलीकडच्या रांगेला नळ आणि पलीकडच्या रांगेला टँकर असे चित्र मी पाहिले आहे.

ही खात्री कशी करावी, ते सांगते. एका एप्रिलमध्ये मी ओळखीच्या एका जोडप्याबरोबर त्या भागातील फ्लॅट पाहायला गेले होते. एजंट आम्हाला सरळ गच्चीवर घेऊन गेला आणि साताऱ्याचा डोंगर दाखवू लागला. दृश्य सुंदर होते यात शंका नाही. खाली उतरताना मी जिन्याजवळच्या फळ्यापाशी थांबले. त्यावर खडूने फ्लॅटचे क्रमांक लिहिले होते आणि प्रत्येकासमोर 'टँकर वर्गणी' म्हणून रक्कम होती. काही क्रमांकांपुढे 'बाकी' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. बाहेर हौदाच्या झाकणाशेजारी फरशीची कड पाइप ओढून ओढून झिजून गुळगुळीत झाली होती. त्या जोडप्यातील ताईंनी तिथल्या एका बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी मार्च ते जूनमध्ये आठवड्याला किती टँकर लागतात, टँकर रात्री आला तर मोटार कोण चालू करते, आणि कोणत्या दोन घरांची यावरून भांडणे आहेत, हे सगळे दहा मिनिटांत सांगितले. एजंटकडे त्यातले एकही उत्तर नव्हते. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा भाव विचारण्याआधी पाण्याचा दिवस विचारा, आणि तो राहणाऱ्या बायकांना विचारा. पाणी किती दिवसांनी येते, किती वाजता येते, किती वेळ येते, वरच्या टाकीपर्यंत चढते का, आणि मागच्या मे महिन्यात काय झाले होते. बोअर असेल तर तो किती फूट आहे यापेक्षा तो कोणत्या महिन्यात आटतो हे महत्त्वाचे.

हे मी स्वतःच्या अनुभवातून बोलते. लग्नानंतर आम्ही परभणीहून या शहरात आलो, तेव्हा शहराबाहेरच्या एका नव्या ले-आउटमध्ये घर घेतले. विकणाऱ्याने 'नळ दोन महिन्यांत' असे सांगितले होते. नळ आला तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता, आणि घर घेतले तेव्हा तो पाळण्यात होता. त्या वर्षांत मी पहाटे साडेतीनला सार्वजनिक नळावर नंबर लावला आहे, कडेवर मूल आणि हातात कळशी घेऊन. त्या घराच्या कमी किमतीचा सारा फरक मी त्या पहाटांनी भरला. तुमच्या पत्नीला रात्रपाळी करून आल्यावर तसे करावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

तिसगावच्या रो-हाऊसबद्दल थोडक्यात. २६ लाखांची किंमत तुमच्या ऐपतीत बसते, पण ते ठिकाण फक्त तुमच्या सोयीचे आहे. शिवाय वाळूज महानगर परिसरात काही जमीन वसाहती वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या, काही एमआयडीसी या औद्योगिक विकास महामंडळाच्या, तर काही ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येते. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते आणि तिच्या हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी व शुल्क लागते. त्यामुळे तिथे कोणतेही घर घेण्याआधी जमीन नेमकी कोणाची आणि बांधकाम परवाना कोणी दिला, हे कागदावर पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

मग काय करावे? माझा सल्ला असा, की यंदा काहीही विकत घेऊ नका. येत्या मे महिन्यात बजाजनगरची खोली सोडा आणि मुकुंदवाडी, रामनगर, पुंडलिकनगर किंवा सिडकोच्या एन-२ च्या बाजूला भाड्याचे घर पाहा. भाडे दोन-तीन हजारांनी वाढेल. पण मुलीची शाळा, मावशी आणि पत्नीची ड्यूटी एका सरळ रेषेत येतील, आणि एक पूर्ण उन्हाळा व एक पूर्ण पावसाळा त्या वस्तीत काढल्यावर तुम्हाला तिथली प्रत्येक गल्ली कळेल. भर पावसात कोणत्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, कोणत्या चौकात रात्री दिवे नसतात, शाळेत जाताना मुलीला जालना रोड ओलांडावा लागतो का, कोणत्या इमारतीतील माणसे एकमेकांशी नीट बोलतात, हे कोणत्याही जाहिरातीत छापून येत नाही. वर्षभर मुलीचा हात धरून चालल्यावर ते कळते. या वर्षात तुमची शिल्लक आणखी दीड लाखाने वाढवा.

त्यानंतर त्याच भागात चोवीस-पंचवीस लाखांपर्यंतचा जुना पण कागदोपत्री स्वच्छ फ्लॅट शोधा. समजा २४ लाखांचा मिळाला, तर ९० टक्क्यांनी कर्ज २१ लाख ६० हजार आणि हप्ता १८,७५० च्या आसपास होतो. भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण असून राहायला परवानगी असल्याचा दाखला) मिळालेल्या जुन्या घरावर जीएसटी नाही. आणखी एक लाभ बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या कुटुंबाला गृहकर्जाच्या व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. मात्र घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत, आणि पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसणे, या अटी आहेत. देवळाईच्या फ्लॅटचे २८ लाख ८० हजारांचे कर्ज या अटीबाहेर जाते, आणि हे कर्ज अटीत बसते. गावचे घर वडिलांच्या नावे असेल तर त्याची अडचण नाही. ते तुमच्या नावे झाले असेल तर आधी बँकेत विचारा.

या भागातही डोळे उघडे ठेवावे लागतील. पुंडलिकनगर आणि मुकुंदवाडी परिसरात गुंठेवारीची घरे पुष्कळ आहेत. तिथे महापालिकेचे नियमितीकरणाचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. सिडकोची जुनी घरे मुळात दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहेत, त्यांचे हस्तांतरण सिडकोच्या नोंदीत झालेले असावे. मूळ लाभार्थ्यानंतर दोन-तीन हात बदलूनही नोंद पहिल्याच्याच नावे असेल, तर ते घर कितीही आवडले तरी थांबा. रस्त्याची नियोजित रुंदी तपासा. २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत महापालिकेने मुकुंदवाडीपासून सुरुवात करून शहरातील मोठ्या रस्त्यांवर विकास आराखड्यातील रुंदीप्रमाणे बांधकामे पाडली, ते तुम्ही पाहिलेच असेल. नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढायला फार खर्च येत नाही. मालकीच्या नोंदी तपासणारा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून करून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

पत्नीला नवाच फ्लॅट हवा असेल, तर तिची हौस चुकीची नाही, फक्त प्रकल्प महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 'आत्ता चार लाख भरा, करार दिवाळीनंतर करू' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे उठून या.

आणि हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचा. तुमच्या वादात दोघांचेही म्हणणे खरे आहे. तुम्हाला कर्जाची भीती वाटते, तिला बाँडच्या कागदाची. दोन्ही भीती योग्य आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नांदेडला राहतो. मुलगा, सून आणि दीड वर्षाचा नातू यांच्यासाठी घर पाहत आहे. गोदावरीच्या बाजूला एका सखल वस्तीत तळमजल्याचे जुने घर बाजारभावापेक्षा बरेच कमी किमतीत मिळते आहे. कागदपत्रे व्यवस्थित आहेत. 'पाणी वर्षानुवर्षे आलेले नाही' असे मालक सांगतात. घ्यावे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : गुरुजी, कागदपत्रे व्यवस्थित असूनही किंमत बरीच कमी आहे, याचा अर्थ कमीपणाचे कारण कागदाबाहेर आहे. जलसंपदा विभागाने नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. हे घर या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. निळ्या रेषेच्या आत असेल तर किंमत आणखी निम्मी केली तरी घेऊ नका. लाल आणि निळ्या रेषेच्या मध्ये असेल तर बांधकामावर कोणत्या अटी आहेत ते लेखी घ्या, कारण उद्या वरचा मजला चढवायचा झाला तर त्या आड येतील.

'वर्षानुवर्षे पाणी आले नाही' या वाक्यावर विसंबू नका. नांदेडच्या वर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे आणि त्याच्याही वर जायकवाडी. पाऊस तुमच्या डोक्यावर पडला नाही तरी वरचे दरवाजे उघडले की पाणी तुमच्या दारात येते. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला, तेव्हा पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठच्या वस्त्यांनी हे अनुभवले. त्या वर्षी या गल्लीत पाणी कुठवर होते, हे शेजारच्या वयस्क माणसांना विचारा. विचारायला संकोच वाटला तर भिंतींकडे पाहा. नव्या रंगाखालीही ओलीची आडवी रेघ लपत नाही, आणि विजेचा मीटर शेजारच्या सगळ्या घरांत डोक्याच्या वर बसवलेला दिसला, तर तिथल्या माणसांनी तो हौसेने वर बसवलेला नाही. शौचालयाच्या भांड्यातून पावसाळ्यात पाणी उलटे येते का, हेही विचारून घ्या. नदी दारात न येताही सखल भागात गटारे तुंबून तेच घडते, आणि दीड वर्षाचे मूल रांगते ते त्याच फरशीवर.

तुमची निवृत्तीची रक्कम या घरात जाणार आहे, असे पत्रावरून वाटते. तीच रक्कम उंच भागातील एक खोली कमी असलेल्या घरात घालावी, असे मी सुचवीन. सुनेला विचारले का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पुराच्या रात्री मूल घेऊन निघायची वेळ तिच्यावर येणार आहे, तेव्हा तिचे मत आधी घ्या.

प्रश्न : आम्ही अहमदपूर तालुक्यातील शेतकरी कुटुंब आहोत. मुलाला अकरावी-बारावीसाठी लातूरला ठेवायचे आहे. धाकटी मुलगी पाच वर्षांची आहे, तिलाही मी सोबत नेणार असून यजमान गावी शेती पाहतील. दोन वर्षे भाडे भरण्यापेक्षा ट्युशन एरियाजवळ छोटा फ्लॅट घेऊन टाकावा, असे नातेवाईक म्हणतात. काय करावे?
— एक वाचक भगिनी, अहमदपूर

उत्तर : भाड्यानेच राहा. दोन वर्षांच्या मुक्कामासाठी घेतलेले घर विकताना मुद्रांक, नोंदणी आणि दलाली यांत जो पैसा गेला तो परत येत नाही, आणि शेतीवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबाने दरमहाचा हप्ता डोक्यावर घेणे मला धोक्याचे वाटते. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बँकेचा हप्ता बारा वेळा जातो.

मात्र भाड्याचे घर निष्काळजीपणे घेऊ नका. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रक्कम परत कधी व कोणत्या कपातीनंतर मिळेल, हे करारात लिहून घ्या. दोन वर्षांत भाडे किती टक्क्यांनी वाढेल तेही आधीच ठरवा, कारण निकाल लागून नव्या प्रवेशांची गर्दी सुरू झाली की जूनमध्ये ट्युशन एरियातील भाडी चढतात. घर शिकवणीला अगदी चिकटून घेण्याची गरज नाही. मुलगा सायकलने दहा मिनिटे जाऊ शकतो. पाच वर्षांच्या मुलीची शाळा मात्र तुम्हाला पायी गाठता आली पाहिजे, कारण दिवसातून दोनदा तिला ने-आण करणाऱ्या तुम्ही एकट्याच असणार आहात.

पाण्याबद्दल लातूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते शहर हे आहे. घर पाहताना गच्चीवर जाऊन टाकी किती लिटरची आहे आणि ती किती भाडेकरूंमध्ये वाटलेली आहे, हे स्वतः मोजा. एका टाकीवर सहा खोल्या असतील आणि मालक तळमजल्यावर राहत असेल, तर मार्च महिन्यात पाणी कोणाला आधी मिळते, हे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडून समजून घ्या आणि मगच अनामत द्या. घर मेअखेरीसच ठरवा, म्हणजे उन्हाळ्यातली टाकी तुम्हाला प्रत्यक्ष पाहता येईल.